पाळी

त्या संध्याकाळी जंगलातून परतताना मी एक वाळकं लाकूड खांद्यावर घेऊन आलो. गोटुलाच्या मधोमध रोज शेकोटी पेटायची आणि गावातली पोरं एकेक लाकूड आणून तिच्याजवळ टाकायची, हे मी पंधरा दिवस बघत होतो. आपण इथे फुकट झोपतो, फुकट शेकतो, तर आपणही आणावं असं वाटलं. सवय नसल्यामुळे खांदा सोलवटला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. लाकूड खाली ठेवलं तशी पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने ते उचललं आणि बाजूच्या खांबाला टेकवून उभं केलं. रात्रभर शेकोटी जळली, पण माझं लाकूड तिथंच उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गावपाटलांना विचारलं. ते म्हणाले, "तुझी पाळी नाही ना, बाबू."

"पण मी माझ्या मनाने आणलं होतं."

"तेच तं," ते म्हणाले, आणि बिडी पेटवायला वाकले.

या दोन शब्दांचा अर्थ लावायला मला बरीच वर्षं लागली. अजून तो पुरता लागलाय असंही नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

मी मूळचा नवेगाव बांधचा. 2010 च्या हिवाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो, नागपुरात शिक्षण संपवून रिकामा होतो, आणि एका संस्थेसोबत स्वयंसेवक म्हणून गडचिरोली जिल्ह्यात गेलो होतो. अर्जुनीहून रेल्वेने वडसा, तिथून आरमोरीमार्गे गडचिरोली, मग धानोऱ्याची बस, आणि शेवटचा पल्ला सायकलवर. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावांनी आपल्या जंगलावर सामूहिक हक्काचे दावे करायचे होते. नकाशे काढायचे, जुने कागद जमवायचे, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या हद्दी मराठीत लिहून काढायच्या, असं माझं काम. तीन महिने मुक्काम होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मुक्काम गोटुलात. गोटूल म्हटलं की शहरी माणसाच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं. व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर 1947 साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्या संस्थेची शिस्त, कामांची वाटणी, चुकारपणाबद्दलचा दंड, गाणी, खेळ असं सगळं आहे. पण बाहेरच्या जगाने त्यातला तरुण मुलामुलींच्या सहवासाचा भाग तेवढा उचलला. गडचिरोलीतल्या माडिया गावांची रीत वेगळी. तिथे मुली नाचगाण्यानंतर आपापल्या घरी जातात. रात्री गोटुलात झोपतात ती लग्न न झालेली पोरं, आणि वाट चुकलेला किंवा कामाने आलेला परगावचा माणूस. दिवसा तिथेच गावाची बैठक बसते, भांडणं सुटतात, सणाचा दिवस ठरतो. मी राहिलो ते गोटूल म्हणजे गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत लाकडी खांबांवर उभं कवेलूंचं लांबट छप्पर, कमरेएवढ्या मातीच्या भिंती, आढ्याला टांगलेले ढोल आणि मधोमध राख. कुलूप नाही, कारण दारच नाही.

अशा घरात राहताना एक चमत्कारिक अडचण होते. आभार कुणाचे मानायचे तेच कळत नाही. कुणाच्या घरी उतरलो तर त्या घरच्या बाईला साखर-चहापत्ती नेऊन देता येते, मुलाच्या हातावर काही ठेवता येतं. इथे घरमालकच नव्हता. जेवण रोज वेगळ्या घरून यायचं, त्याचाही क्रम ठरलेला होता, आणि तो कुणी ठरवला ते मला कधी दिसलं नाही. हे ओझं हलकं करायला मी मनाशी एक हिशेब मांडला होता: मी यांच्यासाठी काम करतोय, म्हणजे राहण्याजेवण्याची फेड होतेय. लाकूड आणलं तेही याच हिशेबातून. ते खांबाला टेकलेलं राहिलं, तेव्हा माझा हिशेबच कुणी स्वीकारला नव्हता.

आपण वाढतो ते स्वेच्छेचं कौतुक ऐकत. शाळेत श्रमदान, महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना, पुढे कुणी सांगितलं नसताना केलेल्या कामाचं प्रमाणपत्र. 'स्वयंसेवक' या शब्दातच 'स्वयं' आधी येतं. जबरदस्तीने केलेल्या कामाला नैतिक मोल नाही, मनापासून केलेल्याला आहे, असं आपण धरून चालतो. कांटने या समजुतीला एक टाचणी लावून ठेवली आहे. त्याच्या मते, दुसऱ्याला मदत करण्यात ज्याला आनंद वाटतो त्याची मदत चांगली खरी, पण ती त्याच्या वृत्तीवर अवलंबून आहे. वृत्ती पालटली की मदत थांबते. मन उदास असताना, काहीही करावंसं वाटत नसताना, केवळ कर्तव्य म्हणून जो हात पुढे करतो, त्याच्या कृतीला नैतिक किंमत आहे. महाविद्यालयात वाचलं तेव्हा हे फार कोरडं वाटलं होतं. गोटुलात मला त्याचा एक व्यवहारी अर्थ कळला. शेकोटी रोज पेटायची असते. कुणाला वाटलं म्हणून ती पेटत असेल, तर ज्या रात्री कुणालाच वाटत नाही त्या रात्री काय करायचं?

पाटलांच्या 'तेच तं'चा अर्थ तेव्हा मी असा लावला: माझं लाकूड वाईट नव्हतं, पण त्यावर उद्या विसंबता येणार नव्हतं. ते त्यांनी रचलं असतं, तर ज्या पोराची त्या दिवशी पाळी होती त्याचं लाकूड जास्तीचं ठरलं असतं. दोन-चार दिवस मी आणलं असतं, पोरं ढिली पडली असती, मग माझं काम आटोपून मी निघून गेलो असतो. ते पाळीची घडी सांभाळत होते. माझ्या चांगुलपणामुळे ती विस्कटली असती.

बोर्निओ बेटावरच्या इबान लोकांच्या लांबघरांविषयी मी पुढे वाचलं. एकाच लांबलचक छपराखाली वीस-तीस कुटुंबं राहतात. मागच्या बाजूला प्रत्येकाची स्वतंत्र खोली, आणि पुढे साऱ्या लांबीभर एकच सामाईक पडवी. पाहुणे तिथेच बसतात, सण तिथेच होतात. प्रवासी ती पडवी बघून म्हणतो, किती सुंदर, सगळं सगळ्यांचं. पण प्रत्येक खोलीसमोरचा पडवीचा तुकडा बांधणं आणि राखणं त्या त्या कुटुंबाकडे असतं. तिथून कुणीही चालावं, कुणीही बसावं; फळी कुजली तर ती कुणी बदलायची हे मात्र ठरलेलं. आता जगभरातून तरुण मंडळी पैसे भरून अशा ठिकाणी 'स्वयंसेवक प्रवासी' म्हणून जातात, आठ-पंधरा दिवस राहतात, भिंत रंगवतात, मुलांना इंग्रजी शिकवतात. त्यांची टवाळी करण्याचा मला अधिकार नाही. मी पैसे भरले नव्हते इतकाच फरक. पण त्यांना पडवी दिसते. फळ्यांची वाटणी पंधरा दिवसांत दिसत नाही.

धानोरा तालुक्यातच लेखा गावाजवळ मेंढा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात या गावाने मोडकळीला आलेली गोटुलाची परंपरा पुन्हा उभी करायचं ठरवलं आणि जंगलातून लाकूड आणून गोटूल बांधलं. कायद्याच्या लेखी ते लाकूड सरकारचं होतं. गोटूल पाडलं गेलं. त्यावर आसपासच्या गावांनी आपापल्या गावात गोटुलं उभी केली, आणि एवढ्या गावांची गोटुलं पाडणं शक्य झालं नाही. पुढे 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यांचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. बैठकीला वेळ लागतो, लोक कंटाळतात, पण नंतर 'मी तर नाही म्हणालो होतो' असं म्हणायला कुणी उरत नाही. पाळी अंगावर घ्यायची तर ती ठरवताना आपण तिथे बसलेलो असावं लागतं. ही गोष्ट मला पुढे फार महत्त्वाची वाटणार होती.

त्याच वर्षी, 2009 मध्ये, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1968 साली गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सामाईक कुरणाची नासाडी अटळ असते. प्रत्येक गुराखी आपलं एक जनावर वाढवत जातो आणि कुरण संपतं. ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक कुरणं, जंगलं, पाटबंधारे तपासून दाखवलं की असं दरवेळी होत नाही. जिथे वापरणारे लोक स्वतः नियम ठरवतात, एकमेकांवर नजर ठेवतात, चुकणाऱ्याला झेपेल असा दंड करतात, तिथे सामाईक गोष्टी शतकानुशतकं टिकतात. हार्डिन यांनीही पुढे दुरुस्ती केली की आपण बोललो ते व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेबद्दल. साध्या मराठीत सांगायचं तर 'सगळ्यांचं' आणि 'कुणाचंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला त्या सारख्याच. दोन्हींना कुलूप नसतं. त्यांतला फरक पाळीचा.

हे मला परक्या पुस्तकातून कळायला नको होतं. मी नवेगाव बांधचा आहे. मराठी वाचकाला आमचं गाव मारुती चितमपल्लींच्या लेखनातून ठाऊक असतं: पाखरं, रानवाटा, हिवाळ्यातलं धुकं. पण तो अथांग दिसणारा जलाशय निसर्गाने केलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधून तो अडवला, असं मानलं जातं. त्यांचा पुढे देव झाला; कोलासूर म्हणून डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनी बांधाच्या कामात हात लावला अशी कथा. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, आणि कोहळी या कामात निष्णात होते. भंडारा-गोंदिया पट्ट्यात असे हजारो तलाव झाले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असं नाव पडलं. लोक 'मामा तलाव' म्हणतात. बहुतेकांत गाळ साचला, पाळी फुटल्या, बेशरमाची झुडपं माजली. आमच्याकडचे म्हातारे याचं कारण एका वाक्यात सांगत: "पहिले तलाव गावाचा होता, मंग सरकारचा झाला."

वाक्य गोड आहे, पण अर्धं खरं आहे. तलाव गावाचा नव्हता, मालगुजाराचा होता. गाळ काढायला, पाळीवर माती टाकायला गाव यायचं खरं. कोण यायचं? आणि त्याला 'नाही' म्हणता यायचं का? ज्यांची शेतं तलावाखाली भिजायची त्यांना कामाच्या बदल्यात पाणी मिळायचं. ज्यांना शेतच नव्हतं त्यांनाही मातीच्या टोपल्या उचलाव्या लागत. त्याला पाळी म्हणायचं की बेठबिगार? दोन्हींत माणूस आपल्या मर्जीविरुद्ध सकाळी उठतो. माझ्या 'पाळी'च्या कौतुकाला हा पहिला तडा होता. मर्जी नसताना केलेलं प्रत्येक काम कांटचं कर्तव्य नसतं. पुष्कळ वेळा ती नुसती सक्ती असते.

पुन्हा गोटुलाकडे येतो. लाकडाच्या प्रसंगानंतर काही दिवस मी खट्टू होतो. निघायची वेळ जवळ आली तशी मी पाटलांना म्हणालो, "मग मलाही एक पाळी द्या." ते हसले नाहीत. दुसऱ्या रात्री बैठकीत विषय निघाला. गोंडीत बोलणं झालं, मला काही शब्द कळले. शेवटी पाटलांनी मराठीत सांगितलं: मे महिन्यात गोटुलाचं छप्पर शाकारायचं आहे. कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, किडलेले वासे बदलायचे, पुन्हा सारं बसवायचं. काम माणसामागे वाटलेलं. एक वासा आणि त्यावरचे कवेलू माझ्या वाट्याला. मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यात कुठल्याही पदवीचा झाला नव्हता इतका आनंद मला त्या वाशाचा झाला.

मे महिन्यात मी गेलो नाही. एप्रिलमध्ये नागपुरात नोकरी लागली, पहिल्याच महिन्यात रजा मागणं बरं दिसेना. मी संस्थेतल्या एकाकडे निरोप दिला. त्याऐवजी त्या वर्षी एक लेख लिहिला. लेखात गोटूल होतं, शेकोटी होती, खांबाला टेकलेलं लाकूड होतं, सामाईक जगण्याची थोरवी होती. तो एका मासिकात छापून आला, लोकांना आवडला.

मी परत गेलो ते 2016 मध्ये. पाटील थकले होते, पण त्यांनी ओळखलं. गोटुलात बसल्यावर माझी नजर आपोआप छपराकडे गेली. मी विचारलं, माझा वासा कोणता होता? त्यांनी बोटाने दाखवला. तो कुणी बसवला, हेही विचारलं. एका पोराने, ते म्हणाले. त्याचा स्वतःचा एक आणि माझा एक. मे महिन्याच्या उन्हात त्याचे दोन दिवस जास्तीचे गेले होते.

"त्याला भेटतो," मी म्हणालो. भरपाई करायचं माझ्या डोक्यात असणार.

"त्याचं लगन झालं. तो आता गोटुलात येत नाही." मग थोडं थांबून: "तुला कोण काय म्हणालं? कोणी नाही म्हणालं."

ते खरंच होतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. दंडही नाही. त्या पोराला बोल लागला असता, दंड झाला असता, कारण तो त्यांचा होता. मला मोकळं सोडलं गेलं होतं. पाहुण्याला मोकळं सोडतात. पाळी मागणारा मीच, आणि ती सोडण्याची मुभाही मीच खिशात ठेवून होतो. स्वयंसेवकाचं स्वातंत्र्य कुठून येतं ते त्या दिवशी मला उन्हात उभ्या असलेल्या एका माणसाच्या रूपाने दिसलं. तो माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण त्या भेटीतला खरा प्रसंग यापुढचा. गावातली एक मुलगी, 2010 मध्ये शाळेत जाणारी, आता गडचिरोलीला महाविद्यालयात शिकत होती आणि सुट्टीत आली होती. कुणीतरी तिच्यापर्यंत माझा लेख पोचवला होता. ती म्हणाली, "दादा, तुमचा लेख वाचला. चांगला आहे. पण तुम्ही तीन महिने होते ना इथं? मागचं खोपटं तुम्हाले दिसलं नाही का?"

मला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलतेय. गोटुलापासून काही अंतरावर, वस्तीच्या कडेला, एक झोपडं होतं. कुर्माघर. पाळीच्या दिवसांत गावातल्या बायका-मुली तिथे राहतात. घराला, स्वयंपाकाला, विहिरीला शिवायचं नाही. जेवण कुणीतरी बाहेरून आणून ठेवतं. मी ते पाहिलं होतं. आंघोळीला जाताना रोज बघत होतो. त्याच्या छपरात भोक होतं, दाराला फळी नव्हती, आत जेमतेम दोघीतिघी आडव्या होतील एवढी जागा. अशा झोपड्यांत साप चावून, आजार अंगावर काढून बायका दगावल्याच्या बातम्या गडचिरोलीतून येत राहिल्या आहेत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"मंग लिहिलं कायले नाही?"

तिला मी उत्तर दिलं ते असं: मी पाहुणा होतो, तुमच्या रीतीवर बोट ठेवायचा मला अधिकार नव्हता. उत्तर सभ्य होतं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गोटुलावर लिहायचा होता?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. कौतुक करताना मी अधिकाराचा विचार केला नव्हता. मला जे आवडलं ते 'सामाईक जीवन' झालं, जे खुपलं ते 'त्यांची रीत' झालं. दोन्ही घरं एकाच गावाची, दोन्ही बिनकुलपाची, दोन्ही सगळ्यांसाठी म्हणून बांधलेली. एकाचं छप्पर दर मे महिन्यात माणसामागे वासा वाटून शाकारलं जातं. दुसरं गळतं. पुरुष त्याला हात लावत नाहीत, आणि ज्या बायका तिथे झोपतात त्यांना आत असताना काही करता येत नाही, बाहेर आल्यावर त्यांना ते आठवायचं नसतं. हार्डिनची गोष्ट कुठे खरी होते हे बघायला कुरणापर्यंत जायला नको. 'कुणाचंच नाही' असं घर त्याच गावात, 'सगळ्यांच्या' घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

आणि शब्दही एकच. मराठीत आपण दोन्हीला पाळीच म्हणतो. पाळी आली की पोराला गोटुलात आपलं म्हणतात. पाळी आली की पोरीला घराबाहेर काढतात. मी इतकी वर्षं तो शब्द मनात घोळवत होतो, त्यावर लिहिलं होतं, भाषणात वापरला होता, आणि त्याचा दुसरा अर्थ मला सुचलासुद्धा नव्हता. मी बाई असतो तर माझं पहिलं लक्ष तिकडे गेलं असतं. किंबहुना मी बाई असतो तर मला गोटुलात मुक्काम मिळाला असता का, हाही प्रश्न आहे. आमच्या गटातल्या दोन मुलींची सोय एका घरात केली होती, आणि मला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

बेठबिगार आणि पाळी यांच्यातला जो फरक मला तलावाच्या काठी सापडत नव्हता, तो इथे थोडा स्पष्ट झाला. दोन्हींत मर्जी नसते, म्हणून मर्जीवरून ती ओळखता येत नाहीत. विचारायचं ते असं: ज्याच्या अंगावर हे पडतं, तो ते ठरवणाऱ्या बैठकीत बसलेला होता का? त्याला तिथे 'विषय पुढच्या बैठकीला न्या' म्हणता येतं का? गोटुलातली पोरं बसत होती, वाद घालत होती. कुर्माघरातल्या बायकांना कुणी कधी विचारलं होतं? मेंढ्याच्या ग्रामसभेत बायका बसतात आणि बोलतात, हे म्हणूनच मला त्यांच्या घोषणेइतकं मोठं वाटतं. 'आम्हीच सरकार' या शब्दांत 'आम्ही' कोण, ते बैठकीत कोण बसलंय त्यावर ठरतं.

मी त्या मुलीला विचारलं, आता काय करायचं? अलीकडे काही गावांत संस्थांच्या मदतीने पक्की कुर्माघरं बांधली गेली आहेत: भिंती, फरशी, पाणी, खाटा. त्यावर दोन टोकाची मतं आहेत. चांगलं घर बांधणं म्हणजे वाईट रीतीला पक्कं करणं, असं एकीकडे. रीत जाईपर्यंत बाईला सापाच्या तोंडी द्यायचं का, असं दुसरीकडे. मला वाटलं होतं, शिकलेली मुलगी आहे, पहिल्या बाजूची असेल.

ती म्हणाली, "मी जात नाही तिथं. घरी भांडण झालं, पण जात नाही. माझी आई जाते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जणींनी त्याच्यावर टिना टाकल्या. आईवर पाणी गळू नये."

"पण तू तर ते नको म्हणतेस."

"नकोच आहे. पण आहे तोवर आईची पाळी येते ना."

मला आठवलं, सहा वर्षांत कुणीही मला वाशाबद्दल विचारलं नव्हतं, आणि या मुलीने मात्र पहिल्याच भेटीत जाब विचारला. तिने मला पाहुण्यातून काढलं. आतून टीका करायचा अधिकार कुठून येतो, यावर मी पुष्कळ वाचलं आहे: संस्कृतीसापेक्षतावाद, सार्वत्रिक हक्क, दोन्ही बाजूंचे भक्कम युक्तिवाद. तिच्याकडे या दोन्हींपेक्षा काहीतरी अधिक साधं होतं. जे मोडावं असं तिला वाटत होतं, त्याचं छप्पर तिने स्वतः शाकारलं होतं. त्यानंतर ती त्याविरुद्ध बोलली तर तिला कुणी 'तुला काय जातंय' म्हणू शकत नव्हतं. माझं मौन सभ्य होतं, कारण मला तिथे काही करायचं नव्हतं. मी बोललो असतो तर तेही तितकंच स्वस्त पडलं असतं. पाळी नसलेल्या माणसाचं कौतुकही हलकं असतं आणि निषेधही.

म्हणजे परक्याने बोलूच नये का? असं मी म्हणत नाही. बाहेरच्यांनी बातम्या दिल्या नसत्या तर त्या मृत्यूंची नोंदही राहिली नसती. पण बोलणाऱ्याने आपण कुठे उभे राहून बोलतोय ते सांगावं, आणि आवडलेलं लिहिलं तर खुपलेलंही लिहावं. हे आज मी लिहितोय ते उशिराने, आणि त्या मुलीच्या विचारण्यामुळे.

काही वर्षांपूर्वी मी नवेगाव बांधला परत राहायला आलो. आमच्या भागात ढिवरांच्या मच्छिमार संस्था लहान तलावांत उन्हाळ्यात बेशरम उपटतात, मासे आणि पाखरं यांना लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावतात. जवळच्या एका तलावाच्या कामात मी जायला लागलो. पहिल्या वर्षी मनाला येईल तेव्हा जायचो, आणि लोक चहा पाजायचे. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या वहीत नाव घालायला सांगितलं. घरागणिक एक माणूस, वार ठरलेला. त्यांनी मागच्या वेळेसारखाच विचार केला, आणि घातलं. गेल्या मे महिन्यात माझा वार होता त्या दिवशी मला ताप होता. मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मंग बदली माणूस पाठव, नाही तं रविवारी दोनदा ये." चहाबद्दल कुणी काही बोललं नाही. रविवारी मी दुप्पट वेळ चिखलात होतो, आणि सगळा वेळ चिडलेला होतो.

त्या कामात बायकाही येतात. वही मात्र घरागणिक आहे, आणि घराचं नाव म्हणजे पुरुषाचं नाव. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. निकाल लागेल असं वाटत नाही, विषय पुढे ढकलला जाईल. पण वहीत माझं नाव आहे, आणि शनिवारी माझा वार आहे.